खांद्यावरचा हात

तन्वी घाडीच्या फायनल प्रोजेक्टमधला जो हात मी काढायला लावला, तो माझा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तन्वीला तर नाहीच. कॉलेजात तेव्हा एवढंच कळलं की सावंत सरांनी ऐनवेळी एका चांगल्या मुलीच्या कामात खुसपट काढलं. तशी खुसपटं मी बऱ्याच जणांच्या कामात काढत आलोय, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

मी दादरच्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्या वेळी या विषयाला अप्लाइड आर्ट म्हणायचे, आता ग्राफिक डिझाइन म्हणतात. शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट्स बघून बघून डोळे शिणलेत. कुणी कॉफीचा ब्रँड काढतो, कुणी केसांच्या तेलाचं खोकं, कुणी मोबाइलचं अ‍ॅप. मग तेच चिन्ह मगवर, तेच पिशवीवर, तेच टी-शर्टवर. शेवटच्या पॅनेलवर एक गोरी बाई तो मग धरून खिडकीबाहेर बघत असते. मुलं वाईट नसतात. त्यांना सुटायचं असतं आणि आम्हाला घरी जायचं असतं. अशा सगळ्यात एखादंच पोर वर्षभर आपल्याला जागं ठेवतं. तन्वी त्यातली.

ती घोडपदेवची. वडील कुरियरच्या गोदामात, आई घरी शिलाई करायची. पहिल्या वर्षी वर्गात ती येण्याआधी तिची पिशवी आली. छापताना बिघडलेल्या फ्लेक्सची, आईने शिवलेली, भलीमोठी. एका बाजूला कुठल्याशा भावी नगरसेवकाची अर्धी मिशी आणि एक डोळा, दुसऱ्या बाजूला नुसता 'शुभेच्छुक' हा शब्द. पोरं ओरडायची, "साहेब आले." ती पिशवी शांतपणे बाकावर ठेवायची आणि म्हणायची, "साहेब, बसा." माझ्याकडे बघून सांगायची, भिजत नाय, फाटत नाय, आणि साहेब निवडून आले तर पिशवीला भाव येईल, सर.

स्टुलावर एक पाय दुमडून बसायची. पिशवीत फुटाण्याची पुडी कायम. काहीही सांगा, "काय टेन्शन नाय" म्हणून सुरू करायची. माणसाकडे बघताना मात्र आधी चेहऱ्याकडे बघायची नाही, खांद्याकडे बघायची. मला सुरुवातीला ते विचित्र वाटायचं. एकदा तिनेच खुलासा केला. संध्याकाळी ती लालबागला मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. तिथे दिवसभर फोटोतून माणसं कापून काढायची. त्यामुळे समोर कुणी आलं की हा कसा कापता येईल, हेच आधी मनात येतं, असं ती म्हणाली. स्टाफचा ग्रुप फोटो भिंतीवर होता. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही नेहमी कडेला उभे राहता. कापायला एकदम सोपे."

मी हसलो होतो.

तिचा मामा, बाबीमामा, दुकान चालवायचा म्हणजे दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचा. आत काम तन्वीच करायची. वाढदिवस, गोविंदा, साखरपुडा, सत्यनारायण आणि मयत. मयताचं काम तातडीचं. माणूस सकाळी गेला की दुपारी चाळीच्या तोंडाशी त्याचा बॅनर लागायला हवा. वर ढग, खाली कमळ, मध्ये तो माणूस आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

तिथला एक किस्सा ती रंगवून सांगायची. एका मंडळाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर खाली शुभेच्छुकांची मुंडकी होती. त्यातल्या एकाशी अध्यक्षाचं फाटलं. याला उडव, म्हणून निरोप आला. तिने उडवला. आठवड्याने दोघांची गाठ पडली, वडापाव खाल्ला, मिटलं. याला परत घे, म्हणून निरोप. मामा घाबरला, आता फोटो कुठून आणायचा? तन्वीने माऊस हलवला आणि माणूस जागेवर हजर. मामाला वाटलं जादू. ती मला म्हणाली, "डिलीट कधी नाय करायचं सर. लेयर बंद करायचा, म्हणजे माणूस दिसत नाय, पण फाइलमध्ये असतो. लालबागमध्ये कोण कधी परत येईल, सांगता येत नाय." मग ते तिचं वाक्यच झालं. वर्गात कुणाचं कुणाशी बिनसलं की ती म्हणायची, लेयर बंद ठेव, डिलीट नको करू.

दुसरा किस्सा मी स्वतः बघितलेला. काही कामाने दुकानात गेलो होतो. एक माणूस वडिलांचा फोटो घेऊन आला. दुकानात तयार ब्लेझर असतात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. निळा, काळा, टाय असलेला, नसलेला. त्यावर नुसतं डोकं बसवायचं. या माणसाला वडील काळ्या ब्लेझरमध्ये हवे होते. तन्वीने विचारलं, ते दारात कसे बसायचे? तो म्हणाला, बनियनवर. ती म्हणाली, मग ब्लेझरमध्ये लोक ओळखतील कसे? माणूस चिडला. बाप मेलाय माझा, मस्करी करतेस काय, म्हणाला. मामा खुर्चीवरून उठला. तन्वीने फुटाण्याची पुडी बाजूला ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही सांगाल ते करते. पण उद्या बॅनरखालून जाताना बाजूवाला म्हणाला पाहिजे ना, अरे, हे तर आपले आप्पा."

त्याने फोटो परत हातात घेऊन बघितला. शेवटी बाह्या दुमडलेल्या साध्या शर्टावर तडजोड झाली. जाताना त्याने मामाला विचारलं, पोरगी तुमची का? मामा म्हणाला, भाची. कॉलेजात शिकते, पण डोकं तिचं स्वतःचं.

हातांची गोष्ट तिने मला शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला सांगितली. विषय ठरवायचे होते. कॉफी, तेल, अ‍ॅप येऊन गेले. तन्वी उभी राहिली आणि म्हणाली, श्रद्धांजलीचा बॅनर. वर्ग हसला. मागून कुणीतरी "साहेब गेले" म्हणालं. ती थांबली, हसू ओसरू दिलं, मग बोलली. आमच्याकडे माणूस एकटा फोटो काढतो कधी? पासपोर्टला. त्यात तो चोरासारखा दिसतो. म्हणून घरचे लग्नातला फोटो आणतात, सहलीतला आणतात, मंडळातला आणतात. त्यात त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असतोच. आम्ही तो पुसतो. शर्टाचा तुकडा कॉपी करून वर लावतो, म्हणजे माणूस एकटा होतो आणि देवाकडे जायला तयार होतो. मी ठरवलंय, हात ठेवायचा.

तिने घरच्यांना विचारून काही बॅनर तसे लावलेही होते. एकदा मला लालबाग-परळभर फिरवून दाखवले. एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर लहान मुलाची बोटं होती, त्यांना श्रीखंड लागलेलं. खाली दोन बायका वाद घालत होत्या, ही बोटं थोरल्या नातवाची की धाकट्या. एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर घड्याळ घातलेला मनगटापर्यंतचा हात होता, आणि ज्याचा तो हात होता तो मित्र बॅनरसमोर रोज येऊन उभा राहायचा, असं पानवाल्याने सांगितलं. तन्वी या सगळ्याकडे बघत फुटाणे खात होती. म्हणाली, "बघा ना सर. आता माणूस एकटा नाय वाटत."

मी तिला पूर्ण पाठिंबा दिला. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं त्यामुळे जास्त वाईट दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं. स्टाफमध्ये कुरकुर झाली, मरणाचा विषय कशाला, पालक काय म्हणतील. मी भांडलो. दरवर्षी एका मोठ्या स्टुडिओचा माणूस बाहेरचा परीक्षक म्हणून येतो आणि एका मुलाला कामावर घेऊन जातो. मी तन्वीला सांगितलं, हे असंच पूर्ण केलंस तर या वर्षी तू. ती म्हणाली, काय टेन्शन नाय. पण त्या दिवसापासून स्टुलावर दोन्ही पाय खाली ठेवून बसायला लागली.

दिवाळीनंतर माझा दादा गेला.

माझा भाऊ परळच्या आमच्या जुन्या खोलीतच राहिला. मी माटुंग्याला आलो. दादा मंडळाचा माणूस. भेटेल त्याला सांगायचा, आमचा धाकटा आर्टिस्ट आहे. मंडळाचं कुठलंसं मोठं वर्ष होतं. आईच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो, तेव्हा तो पोरं घेऊन नाक्यावर उभा होता. त्यांना त्याने शब्द दिला होता की बॅनर माझा भाऊ करणार. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, असली फ्लेक्सची कामं मी करत नाही. कुणीतरी पेंटर पकड." तो पोरांकडे बघून हसला. म्हणाला, बरोबर आहे, तो मोठी कामं करतो. त्यानंतर त्याने मला फोन केला नाही. मीही केला नाही. एवढ्यावर वर्षं गेली. जमिनीवरून भांडण नाही, खोलीवरून नाही. लोकांना सांगायला एखादं बरं कारणही नाही.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी निघालो. परळला उतरलो. गल्लीच्या तोंडाशी मंडळाची तीच पोरं उभी होती, आता पोक्त झालेली, खांद्यावर पंचे टाकून. मी समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभा राहिलो. मग मागे फिरलो आणि कॉलेजात येऊन वर्ग घेतला. दादाला मी खांदा दिला नाही. वहिनीला फोनवर सांगितलं, परीक्षा आहेत. ती म्हणाली, बरं. तेराव्यालाही गेलो नाही.

त्या दिवसांत परळात लागलेला दादाचा बॅनर मी म्हणूनच कधी पाहिला नाही. तो बाबीमामाच्या दुकानातून गेला होता.

मार्चमध्ये अंतर्गत ज्युरी होती. बाहेरचा परीक्षक येण्याआधी आम्ही सगळं भिंतीवर लावून बघतो. दुपारची वेळ, वर्ग भरलेला. तन्वीने पॅनेलं ओळीने लावली होती. बॅनर, आणि प्रत्येकाखाली त्या हाताची गोष्ट, दोन-तीन ओळींत. नावं तिने झाकली होती, नुसती हाक मारायची नावं ठेवली होती. ती एकेक सांगत पुढे सरकत होती, मी पट्टी हातात घेऊन तिच्या मागून. श्रीखंडाची बोटं झाली. रिक्षावाला झाला. पुढच्या पॅनेलवर दादा होता.

खाली 'बाळादादा' लिहिलेलं. लालबाग-परळात बाळादादा गल्लोगल्ली आहेत आणि सावंत तर त्याहून जास्त, तिला शंका यायचं कारणच नव्हतं. फोटो माझ्या लग्नातला, गिरगावातल्या हॉलमधला; दुकानात आला तो दादापुरता कापलेला तुकडाच असणार, माझा चेहरा तन्वीला दिसलाच नसेल. दादा फेटा बांधून हसतोय, आणि त्याच्या खांद्यावर एक हात. मेंदी लावलेला, वाकड्या करंगळीचा. ती करंगळी लहानपणी गोकुळाष्टमीला मोडली. दादाने मला खांद्यावर घेतलं होतं, तिथून मी पडलो. ती नीट बसली नाही म्हणून तो जन्मभर हळहळत राहिला.

तन्वी वर्गाला सांगत होती. या काकींना मी विचारलं, हात ठेवू का? त्या मालवणीत बोलतात. तिने वहिनीचा आवाज काढला नाही, पण शब्द तसेच्या तसे सांगितले. "रवांदे तो. धाकट्याचो हात आसा. तो काय इलो नाय, हात तरी असांदे."

मालवणी ऐकून हसू लागलेली कोकणातली पोरं थांबली. बाकीच्यांना तिने अर्थ सांगितला. राहू दे, धाकट्या भावाचा आहे, तो आला नाही, निदान हात तरी असू दे. म्हणाली, माझं अख्खं प्रोजेक्ट या एका वाक्यात आहे.

मी पट्टीने पॅनेलवर टकटक केलं. "यातला हात काढ."

"काढू?"

"लक्ष तिकडे जातंय. कॉम्पोझिशन बिघडतंय."

"जाऊ दे ना, सर. त्याच्यासाठीच तर ठेवलाय."

"काढ."

ती गोंधळली. "पण मग यातलाच का? बाकीच्यांत पण तसंच आहे."

तिचं बरोबर होतं. शिक्षक म्हणून मला उत्तर द्यायला हवं होतं, आणि माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं. मी म्हणालो, "मग सगळ्यांतले काढ. नुसते बॅनर ठेव, टायपोग्राफीवर काम कर."

तन्वी माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, नेहमीसारखी खांद्याकडेही नाही. पट्टी धरलेल्या हाताकडे. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि हात खिशात घातला. ती म्हणाली, "ठीक आहे, सर." काय टेन्शन नाय, असं नाही म्हणाली.

नंतर तिला एकटीला बोलवायला मला वेळ होता. दार होतं, खुर्ची होती, मी रोज तिथेच होतो. नाही बोलावलं. मनाशी म्हणत राहिलो, उद्या सांगू.

परीक्षक आला त्या दिवशी तिची पॅनेलं नीट होती. अक्षरं सुरेख, अंतरं मोजूनमापून. ढगांसमोर माणसं ओळीने उभी होती, प्रत्येक जण एकटा. दादाचा खांदा मोकळा होता. जिथे माझा हात होता तिथे कोटाचं कापड इतकं बेमालूम बसवलेलं की मलाही सांधा दिसला नाही. परीक्षकाने चष्मा वर केला, म्हणाला, फिनिशिंग फार चांगलं आहे, पण यात तुझं असं काय? लालबागच्या दुकानातही हेच मिळतं की.

मी दोन पावलांवर उभा होतो. तन्वीने माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तिने नाही बघितलं. "बरोबर आहे, सर," ती त्याला म्हणाली. "मी नुसतं साफ केलंय."

स्टुडिओने कॉफीवाल्या मुलाला घेतलं.

अंतर्गत मार्क माझ्या हातात होते. मी तिला वर्गात सगळ्यांत जास्त दिले. यादी लागल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली. विचारलं, माझे चुकून पडले का? मी मान हलवली, नाही म्हणालो. ती म्हणाली, "हात नसताना एवढे?" आणि पिशवी खांद्याला लावून गेली. मिशी आणि डोळा माझ्याकडे बघत जिना उतरले.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, गेल्या हिवाळ्यात, परळच्या बसस्टॉपवर. लोअर परळला एका पॅकिंगच्या कंपनीत नोकरी करते, फरसाणाच्या पाकिटांची लेबलं बनवते. मला म्हणाली, शेव खमंग दिसली पाहिजे, बाकी काही विचारत नाहीत. संध्याकाळी मामाच्या दुकानात जाते का, तर जाते. आता जोराने हसत नव्हती. डोळ्यांखाली आम्हा सगळ्यांसारखंच काळं आलं होतं. पिशवी तीच. साहेबांची मिशी फिकी पडली होती. मी विचारलं, निवडून आले का? ती म्हणाली, पडले, सर.

बस येईना. मी स्टॉपची लोखंडी दांडी धरून उभा होतो. तिची नजर दांडीवर होती, माझ्या करंगळीवर. या वेळी मी हात खिशात घातला नाही. धीर म्हणून नव्हे. थकलो होतो.

"सर, तो बाळादादांचा बॅनर," ती म्हणाली. "त्यातला हात मी पुसला नाय. लेयर बंद केलाय फक्त. फाइल आहे माझ्याकडे."

मी म्हणालो, "बरं."

ती अजून उभी होती. मी काही बोलेन म्हणून थांबलीय, हे मला कळत होतं. तेवढ्यात तिची बस आली. तिने पिशवी पोटाशी धरली, चढली, आणि खिडकीशी जागा मिळाल्यावर माझ्याकडे बघून मान हलवली, जशी वर्गात समजलं म्हणून हलवायची. बस लालबागच्या दिशेने गेली. दादाची चाळ त्या स्टॉपवरून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मी रस्ता ओलांडून माटुंग्याची बस धरली.

तन्वीला मला सांगायचं आहे की तो हात माझा आहे, आणि तिच्या कामात काहीही चूक नव्हती. वहिनीच्या दारात जाऊन तिला सांगायचं आहे की मी त्या दिवशी समोरच्या फुटपाथपर्यंत आलो होतो. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.